मास्तरांचा राखाडी कोट

…नाही नाही, पावती हरवली म्हणून काही बिघडत नाही, कोट मिळेल – पण कोणाचा ते तरी सांगाल? राखाडी, दोन बटणांचा, आतून निळं अस्तर – अहो, असले राखाडी कोट या दांडीवर नऊ लटकतायत, मोजून दाखवू? मास्तरांचा? कोणत्या मास्तरांचा, कवायतीच्या? असं. म्हणजे तुम्ही त्यांचे – जावई. थोरलीचे. मग बसा की जावईबापू, उभे काय राहता, ते स्टूल ओढून घ्या, वाफ तोंडावर येईल तेवढी सांभाळा. दोन महिने झाले कोट लटकतोय. मी रोज म्हणतोय, आज येतील मास्तर, उद्या येतील. शेवटी पाठवलं कोणाला तर जावयाला, आणि तेही पावतीशिवाय.

माझ्याबद्दल काही बोलले? नाही? कमाल आहे. सहा वर्षं आम्ही रोज सकाळी बागेत बरोबर चालतो – चालायचो. त्यांनी शिट्टी वाजवायची आणि आम्ही अकरा म्हातारे-कोतारे रांगेत निघायचं. मास्तर पुढे, पाठ ताठ, आणि तोंड चालूच – नळ तुंबला तर प्लंबर बोलवा, माणूस तुंबला तर भाजीवाला बोलवा. गोळी म्हणजे काय? गोळी म्हणजे कुबडी. हे त्यांचं वाक्य, माझं नाही. आणि नुसतं बोलणं नाही हं, पुरावा होता. रक्ताचा रिपोर्ट प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवायचे – कोलेस्टेरॉल दोनशे बहात्तरवरून एकशे अठ्ठावन्न, सात महिन्यांत, फक्त शाकाहार आणि चालणं. मी त्या कागदाचा फोटो काढून घेतला. त्याची पूजाच काय ती करायची राहिली होती.

मग मी मटण सोडलं. हसू नका, जो खातो त्यालाच कळतं सोडणं म्हणजे काय. अंडी सोडली, लोणी सोडलं, साय बाजूला काढायला लागलो. पालेभाज्या, कडधान्यं, फळं, सकाळी तासभर चालणं, आणि वर दिवसभर उभं राहून ही इस्त्री. पट्ट्याची तीन भोकं आत गेलो. झोप सुधारली, गुडघे बोलायचे थांबले – मी खोटं बोलणार नाही, भाजी वाईट नाही आणि चालणंही वाईट नाही. पण कोलेस्टेरॉल? दोनशे अडुसष्टचं झालं दोनशे सदतीस. बस, तिथेच घोडं अडलं. मास्तरांना सांगितलं तर चारचौघांत म्हणाले, चोरून खात असशील. मी – चोरून. घरी आमच्या हिने माझा दुपारचा डबा उघडून बघायला सुरुवात केली. मग मी तेल जवळजवळ बंद केलं, दीड तास चालायला लागलो. दोनशे पस्तीस. आता तुम्हीच सांगा, माणसाने स्वतःवरच संशय घ्यायचा नाही तर काय करायचं? मी घेतला. रात्री झोपेत उठून खातो की काय, इथवर विचार करून झाला माझा.

आत्ता, या महिन्यात, डॉक्टरीणबाईंनी विचारलं – वडील कितव्या वर्षी गेले? म्हटलं, एकावन्नाव्या. काका? अठ्ठेचाळीस. म्हणाल्या, अहो, तुमच्या घराण्यात शरीरच ते जास्त बनवतंय, ताटात काय पडतं तेवढ्यावर ते नाही. भाजी खा, चाला, त्याने थोडं उतरतंच, पण उरलेलं गोळीनेच उतरेल. इतकी साधी गोष्ट. दादाला हे कोणी तरी पाच वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, त्याची गोळी तेव्हापासून चालू होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा, तो सतरा. हे दुकान त्याने उभं केलं, इस्त्री कशी धरायची ते माझा हात हातात घेऊन त्याने शिकवलं – कॉलर आधी, मग बाही, पाठ शेवटी. गोळीने पाय दुखतात म्हणायचा. मी एके दिवशी मास्तरांचा कागद त्याच्या पुढ्यात धरला. म्हटलं, दादा, टाक ती कुबडी. त्याने टाकली. कोणाच्या शब्दावर? मास्तरांच्या? मास्तरांना तो ओळखतही नव्हता. वहिनी म्हणाल्या, डॉक्टरांना एकदा विचारा तरी. तर दादा काय म्हणाला ठाऊक आहे – धाकट्याने केलंय ना, मग झालं. चार महिने. चौथ्या महिन्यात, तेरा तारखेला, सकाळी चालायला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तसाच कलंडला. वाचला, वाचला – पण हृदय निम्मं कामातून गेलं. जिना चढत नाही. खिडकीपाशी बसतो, सहा गोळ्या घेतो, आणि गोळी घेताना मान खाली घालतो. मला म्हणतो, माझंच चुकलं रे, मी दोनदा अंडं खाल्लं होतं, तुला सांगितलं नाही.

मास्तर दवाखान्यात आले होते की. फळांची पिशवी घेऊन. कॉटशेजारी उभे राहून म्हणाले, पथ्य मोडलं असणार कुठेतरी. आणि मी – मी गप्प. का गप्प? ते जाऊ द्या. आता तुम्ही म्हणाल, यात मास्तरांचा काय दोष, त्यांनी आपलं जे केलं ते सांगितलं. सांगतो. आमच्या धंद्यात कपडा मशीनमध्ये घालायच्या आधी सगळे खिसे उलटे करायचे. चाव्या निघतात, तिकिटं निघतात, एकदा तर दातांची कवळी निघाली होती. जे निघेल ते लिफाफ्यात घालायचं, वर तारीख, कपड्याचा नंबर, आणि टाचणीने कॉलरला लावायचं. ही दादाची शिस्त. तर मास्तरांच्या आतल्या खिशात काय निघालं असेल? रिपोर्ट नाही. गोळ्यांची स्ट्रिप. दहातल्या सहा घेतलेल्या. आणि गोळी कुठली, तर दादाचीच, तेच नाव. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला सहज विचारलं, तर म्हणाला, मास्तर ना, तीन वर्षं झाली, दर महिन्याला नेतात. तीन वर्षं, जावईबापू. रोज सकाळी शिट्टी वाजवायची आणि घरी जाऊन गोळी गिळायची. केसाने गळा कापला माझा. आणि हे कळलं कधी, तर दादा पडल्यावर. दवाखान्यातून येऊन कोट हातात घेतला आणि पायाखालची जमीनच सरकली.

तुम्हाला ठाऊक होतं? नव्हतं. मग तुमच्या घरातही मास्तर भाजीच सांगतात तर. मला वाटतं, पहिल्यांदा आम्ही टाळ्या वाजवल्या ना, तिथेच बिचारे अडकले. नंतर कसं म्हणणार, की गोळीही घेतो? झाकली मूठ – असो, बिचारे कसले. हा घ्या कोट. आतला डाग निघाला नाही, शाईचा आहे. आणि हा लिफाफा, टाचणी बोटाला लागेल, जपून. चारही गोळ्या आत आहेत, हवं तर उघडून मोजा. मास्तरांना म्हणावं…

काय बघताय? तारीख. हो, अक्षर माझंच आहे. नाही, पंधरातला एक पुसलेला नाही. पाच. पाच तारीखच आहे ती.

आठ दिवस, हो. पहिल्या दिवशी वाटलं, मास्तरीणबाईंची असेल गोळी. दुसऱ्या दिवशी औषधवाल्याने सांगितलं. मग रोज फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो – दादाला सांगू काय, की मी मूर्ख बनलो? ज्याला चार महिने नाकाने कांदे सोलून शिकवलं, त्याला? म्हटलं, फोनवर नको. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दादा आणि वहिनी आमच्याकडे जेवायला येतात, तेव्हा समोरासमोर सांगू, दोघं मिळून हसू मास्तरांना. आठ दिवसांनी काय होतंय, असं म्हटलं मी. दुसरा रविवार चौदा तारखेला होता.

नाही, दादाला नाही माहीत. अजून अंड्यालाच दोष देतो.

उठा तुम्ही आता. निरोप? होता एक निरोप, दोन महिने घोळवून ठेवला होता, राहू दे तो. कोट दुमडू नका, हातावर घ्या, आणि जाताना दार पुरतं उघडा – बाहेर बाई केव्हाच्या उभ्या आहेत. या बाई. पावती आणलीत का?