दक्षिणेला तोंड केलेले दिवे

दक्षिणेला तोंड करून दिवा कुणासाठी लावतात, ठाव हाय का तुमाला? मेलेल्या माणसासाठी.

मी मथुरा. पनवेलच्या खाडीवरच्या मिठागरात जन्मले, लग्न होऊन गेले ती पण शेजारच्याच मिठागरावर, म्हणजे सासर काय नि माहेर काय, पायाला तेच खारं पाणी. आमची मिठागरं बुजवून इमारती उभ्या करायचं ठरलं नि कळंबोलीकडून मातीचे डंपर यायला लागले, तवाची ही गोष्ट.

मुंबईचा एक चित्रकार आला. भला माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरायचा. मला म्हणाला, मावशी, बांधांवर दिवे मांडतो, पाण्यात दुसरे दिवे दिसतील, लोक येतील तुमची जागा बघायला. मी म्हटलं, मांड बाबा. डालडाचे डबे आमीच गोळा केले, त्यानं एकेक बाजू कापली, आत पणती. वारा उत्तरेचा, म्हणून डब्यांची उघडी तोंडं सगळी दक्षिणेला. त्याला काय ठाव!

दिवस कलला, दिवे लागले, नि माझी जाऊ पारू बांधावरच थबकली. म्हणाली, अगो, मेलं कोण? माझा नवरा तर आत्ताच भाकर मागत होता! बायका हसल्या, पण पाऊल कुणाचं पुढं पडेना. मी चित्रकाराला सांगितलं, दादा, हे मयताचे दिवे झाले. तो म्हणाला, मग असूच दे मावशी, ही जागा मरतेच आहे, बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल.

काय सांगू तुमाला, अंगाची आग झाली. म्हटलं, आमी अजून मीठ पिकवतो, नि जित्या मिठागराचं सुतक तू धरतोस? लोक रडतील नि घरी जातील, सकाळी डंपर येईलच ना? आमी बायकांनी एकेक डबा उत्तरेला फिरवला. आता वारा थेट आत, ज्योती विझू बघतात, म्हणून पदर पसरून वाऱ्याच्या अंगाला उभ्या राहिलो, एका दिव्याला एक बाई. दक्षिणेच्या रस्त्यावर जमलेल्या पाहुण्यांना डब्यांच्या पाठीमुळं दिवे दिसलेच नाय, त्यांच्या उजेडात आमीच दिसलो. शेवटी चित्रकार पण येऊन उभा राहिला, सदरा पसरून.

आता निम्मं मिठागर बुजलं. उरलेल्यात यंदा पण मीठ धरलंय. देव तुमचं भलं करो, पण नुसती हळहळ नको आमाला. डंपर सकाळी येतात. तवा या, नि बांधावर आमच्या शेजारी उभे राहा, वाऱ्याच्या अंगाला.