बारा नव्हे, बारो

आदरणीय अध्यक्ष रामहरी सर, व्यासपीठावरचे मान्यवर, माझ्या तब्येतीची माझ्यापेक्षा जास्त काळजी वाहणारे कार्यकारिणीचे सदस्य, आणि समोर बसलेल्या रसिक मायबापहो,

आपण माझा निरोप समारंभ ठेवलात, शाल पांघरवलीत. मी निघाले आहे कुठं, तेवढं मात्र कुणी सांगितलं नाही. मी दानम्मा, राहणार होटगी. तब्येत ठणठणीत, गळा शाबूत. मग झालं काय? नवी पेठेतल्या कार्यक्रमात माझ्या ओवीमागे आमच्या मंडळातल्या तरुण आशिषनं गिटार वाजवली, इतकंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तोही गुन्हाच. लगेच ठरलं, की आपल्या लोकगीत मंडळात भेसळ चालणार नाही आणि दानम्मांना आता विश्रांतीची गरज आहे.

बरोबरच आहे की! शुद्धता हवीच. आपली बाजापेटी नाही का, शुद्ध सोलापुरी मातीत उगवलेली? पूर्वी ज्वारीच्या ताटाला पेट्या लागायच्या, आम्ही लहानपणी खुडायला जायचो.

आणि आपलं स्वागतगीत? तो माझ्या आईचा पाळणा. त्यात 'बारो बारो' येतं. बारो म्हणजे कन्नडात 'ये रे'. मंडळात त्याचं 'बारा बारा' झालं, आणि सरांनी स्मरणिकेत भलामोठा लेख लिहिला, की हे बारा म्हणजे बारा ज्योतिर्लिंगं. मी तेव्हाच म्हणाले होते, "सर, ते बारो हाय." सर प्रेमानं म्हणाले, "दानम्मा, उच्चार सुधारा तुमचा." सुधारला. तेव्हापासून लेकराला बोलावणं बंद, मोजणं सुरू. आमचे हलगीवाले गुरुसिद्धप्पा मागे हसतायत. हसा, तुम्हीही त्यावर बारा मात्रा बसवल्यात!

चेष्टा राहू द्या. मला लई वाईट वाटलं. मालक गेले, तेव्हा याच सोमवारच्या बैठकीनं मला उभं केलं. आता घरी बसून मी गायचं कुणासाठी? माझी ओळ उचलायला तिथं कोण आहे?

शाल उबदार आहे, हार ताजा आहे. दोन्हींबद्दल मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. फक्त एक, अध्यक्ष महाराज. निरोप आपण दिलात. मी तो घेतलेला नाही. सोमवारी सतरंजीवरची माझी जागा कुणी अडवू नये. नमस्कार.