सहा नंबरच्या बोर्डाची दोरी

पुरवणी जबाब

जबाब देणार: शिडं शिवणारी (कॅम्पवर सगळे 'ताई' म्हणतात), वय ५३ वर्षे, धंदा: शिडांची शिलाई व विंडसर्फिंगच्या साहित्याची देखभाल, राहणार: किनाऱ्यावरच्या कॅम्पच्या आवारात, साहित्याच्या शेडला लागून असलेली खोली.

मी आज रविवारी सकाळी अकरा वाजता कोणी न बोलावता ठाण्यात हजर झाले असून समक्ष सांगते की, वर लिहिलेल्या ठिकाणी मी चौदा वर्षांपासून राहते. कॅम्प माझा धाकटा भाऊ चालवतो. त्याला सगळे 'कप्तान' म्हणतात. तो शिकवतो, मी साहित्य बघते. आमची आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी सोळा. त्यानंतरचं त्याचं सगळं मीच केलं. त्याने लग्न केलं नाही, मीही नाही.

शुक्रवारी मी या ठाण्यात पहिला जबाब दिला होता. गुरुवारी समुद्रात वाहून गेलेल्या डॉक्टरबाईंच्या मिस्टरांवर मी त्यात संशय घेतला होता. तो का घेतला ते आधी सांगते, कारण त्यातली एकही गोष्ट खोटी नाही.

या आठवड्याला कॅम्पवर शिकायला सहाच माणसं आली होती. गेल्या वर्षी याच दिवसांत एकवीस होती. डॉक्टरबाई दातांच्या डॉक्टर आहेत, वय चाळीसच्या आतबाहेर. त्या शिकायला आल्या होत्या. मिस्टर नुसते सोबत आले होते, पाण्यात पाय घालत नव्हते. दिवसभर गळ्यात दुर्बीण घालून किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसायचे. सोमवारी ते शेडमध्ये आले आणि बोर्ड आणि शिडाची काठी जिथे जोडतात तिथे बोट लावून मला म्हणाले, "हे तुटलं तर काय होतं?"

मी सांगितलं की तिथे रबराचा सांधा असतो. रबर चिरलं तरी शेजारून एक जाड दोरी बांधलेली असते, ती काठीला धरून ठेवते.

"आणि दोरी तुटली तर?"

मी म्हटलं, "दोन्ही एकदम कशी तुटतील?"

"नाही, पण तुटली तर?"

मी म्हटलं, मग शीड एकीकडे आणि बोर्ड एकीकडे जाईल, आणि माणसाने बोर्ड सोडायचा नाही. त्यांनी मोबाईलवर सांध्याचा फोटो काढला. मला ते आवडलं नाही. संध्याकाळी मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, असल्या माणसांवर नजर ठेव." म्हणून मी ठेवली.

मंगळवारी सकाळी साडेसातच्या सुमाराला मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा त्या नवराबायकोचं भांडण ऐकलं. त्यांची खोली दोरीच्या मागेच आहे. मिस्टर म्हणाले, "जा, बुडून जा एकदाची." बाई म्हणाल्या, "तेवढंच राहिलंय. टॉवेल दे." हे मी पहिल्या जबाबात सांगितलं होतं. टॉवेलचं सांगितलं नव्हतं.

बुधवारी वारा पडला, म्हणून भावाने सकाळीच सर्वांना सुट्टी दिली. दुपारी बाराच्या आत मी सगळे बोर्ड तपासून मांडणीवर लावले. डॉक्टरबाईंचा बोर्ड सहा नंबरचा. त्याचा रबरी सांधा चांगला होता. दोरी मी या हंगामाच्या सुरुवातीला नवीन घातली होती. मला डाव्या डोळ्याने महिनाभरापासून धूसर दिसतं. भाऊ कधीपासून मागे लागला होता, त्या दिवशी त्याने हट्टच धरला. "आज रिकामी आहेस तर डोळा दाखवून ये. इथलं मी बघतो." डॉक्टरबाईंच्या मिस्टरांना गावात औषधांच्या दुकानात जायचं होतं. त्यांनी मला गाडीतून नेलं आणि आणलं. दुपारी दोनला निघालो, सव्वासहाला परत आलो. ते दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर बसून होते.

हे मी पहिल्या जबाबात सांगितलं नाही. मला कोणी विचारलं नाही हे खरं. पण भावानेही मला सांगितलं होतं की गाडीचं सांगायची गरज नाही, उगाच घोळ होईल.

गाडीत ते म्हणाले, "तुम्हाला मी विचित्र वाटत असेन. मला पाण्याची भीती वाटते, तिला अजिबात वाटत नाही. मग तिच्या वाटची पण मलाच वाटून घ्यावी लागते." मी तेव्हा हसले नाही. मला वाटलं, हा माणूस माझ्याकडून काहीतरी काढून घेतोय.

गुरुवारी डोळ्यात औषध घातलेलं असल्याने मला नीट दिसत नव्हतं. दुपारी बोर्ड पाण्यात जाण्याआधी मी तपासणी करते. त्या दिवशी भाऊ म्हणाला, "तू बस, मी बघितलेत सगळे." पहिल्या जबाबात मी 'तपासणी झाली होती' एवढंच सांगितलं. कोणी केली ते सांगितलं नाही.

दुपारी तीनला एक मुलगी सोडून सगळे पाण्यात गेले. वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे होता, शिकणाऱ्यांसाठी चांगला. सुमारे तीन वाजून वीस मिनिटांनी सहा नंबरचं शीड आडवं पडलं. पडतं ते पुन्हा उभं राहतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. ते उभं राहिलं नाही. त्याच वेळी पश्चिमेला ढग आला आणि वारा उलटा झाला, जमिनीकडून समुद्राकडे. चौदा वर्षांत मी असा वारा फिरलेला दोनदा पाहिला आहे. बाकीच्या चार जणांना आम्ही हाका मारून आत घेतलं. डॉक्टरबाई बोर्डाला धरून बाहेर जात होत्या. त्यांचं केशरी लाईफ जॅकेट मला काही वेळ दिसलं, मग दिसलं नाही.

मिस्टर त्या वेळी किनाऱ्यावर नव्हते. बाई पाण्यात असताना खुर्ची पहिल्यांदाच रिकामी होती. माझा संशय तिथे पक्का झाला.

भाऊ मोटारबोट घेऊन गेला. संध्याकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी डॉक्टरबाई परत आल्या, पण भावाच्या बोटीतून नाही. त्या जाळी टाकणाऱ्यांच्या होडीला सापडल्या, वाहायला लागल्यापासून अडीच तासांनी. बोर्ड त्यांनी सोडला नव्हता. त्यांची बोटं बोर्डाच्या पट्ट्यातून एकेक करून काढावी लागली. मिस्टर गुडघाभर पाण्यात गेले. त्यांनी बायकोचे बूट काढले आणि ते हातात धरून उभे राहिले. मला तेव्हा तेही नाटक वाटलं.

डॉक्टरबाई अजून दवाखान्यात आहेत. छातीत पाणी गेलं होतं. बोलतात, पण थोडं.

भाऊ सात वाजता परतला. किनाऱ्यावर बसून रडला. आमची आई गेली तेव्हाही तो रडला नव्हता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी मी इथे येऊन मिस्टरांविरुद्ध जबाब दिला.

यानंतर जे घडलं ते असं. काल शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला जाळी टाकणाऱ्यांपैकी एकाने सहा नंबरचं शीड आणून दिलं. ते खडकांत अडकलं होतं. काठीच्या टोकाला रबराचा अर्धा तुकडा आणि दोरीचं टोक तसंच होतं. रबर मी बसवलेलं नव्हतं. मी प्रत्येक सांध्यावर पांढऱ्या रंगाने नंबर घालते. याच्यावर नंबर होता अकरा. अकरा नंबरचा सांधा चिरला म्हणून मी मे महिन्यात काढून भंगाराच्या डब्यात टाकला होता.

मग मी दोरी बघितली. उजव्या डोळ्याने बघितली, भिंग लावून बघितली. झिजलेल्या दोरीचे धागे पिंजतात, आखूड-लांब होतात. या दोरीचे निम्मे धागे ओढून तुटले होते. निम्मे मात्र एका रेषेत कापलेले, आणि त्यांची टोकं वितळून एकमेकांना चिकटलेली, काळी आणि गुळगुळीत. साध्या सुरीने किंवा ब्लेडने असं होत नाही. असं फक्त तापवलेल्या पात्याने होतं. शिडाचं कापड आणि दोऱ्या उसवू नयेत म्हणून मी विजेवर तापणारं पातं वापरते. ते माझ्या खोलीत कपाटात कुलपात असतं. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, ती बुधवारी माझ्याबरोबर गावात होती, आणि तेवढी दुपार सोडली तर मी शेड आणि खोली सोडून हलले नव्हते.

मी बराच वेळ माझ्या खोलीत बसून होते. काय काय आठवलं ते क्रमाने सांगते. गुरुवारी मोटारबोट तीनच्या आधीच तोंड समुद्राकडे करून लावलेली होती. एरवी ती शेडखाली असते. भावाने नवा पांढरा शर्ट घातला होता. शिकायला आलेल्यांपैकी बँकेत काम करणारी एक मुलगी आहे, तिला त्याने पाण्यात जाऊ दिलं नाही. "तू आज फोटो काढ," म्हणाला, "मी सांगेन तेव्हा." मी काल तिला विचारलं. मिस्टर कुठे होते हेही तिनेच सांगितलं. पावणेतीनला भावाने त्यांना ऑफिसात बसवलं होतं आणि विम्याचा फॉर्म भरायला दिला होता. सात पानांचा.

काल दुपारी एक वाजता भाऊ जेवायला आला. मी ताट वाढलं नाही. ताटाच्या जागी दोरी ठेवली.

तो म्हणाला, "झिजली होती. फेकून दे."

मी म्हटलं, "मी बांधलेली दोरी मला ओळखता येते. माझ्या पात्याने कापलेलीही येते."

त्याने दोरी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "दहा मिनिटांचं काम होतं, ताई. मी होतो ना तिथे."

मी विचारलं, "कसलं काम?"

तो म्हणाला, "किनाऱ्याजवळ पडली असती, मी उचलून आणली असती. वारा किनाऱ्याकडेच होता. तो फिरेल हे मला काय माहीत?"

"पण कशासाठी?"

"सहा माणसं आलीत, ताई. पुढच्या वर्षी तीन येतील. त्या पलीकडच्या कॅम्पने सगळी पळवली. इथे लक्ष जातं ते फक्त कोणी बुडता बुडता वाचलं की."

मग मी त्याला दोन वर्षांपूर्वीचं विचारलं. तेव्हा कॉलेजच्या एका प्राध्यापकांचं शीड असंच सुटलं होतं. भावाने त्यांना वाचवलं, वर्तमानपत्रात फोटो आला. तो कापून आम्ही ऑफिसात काचेत लावला आहे. काच मीच पुसते. त्या वेळी दोरी झिजली म्हणून मी महिनाभर स्वतःला दोष दिला होता, जेवण जात नव्हतं, आणि भाऊच मला समजावायचा की ताई, होतं असं, माणूस आहे, नजरचूक होते.

मी विचारलं, "तेव्हाची दोरी कुठे आहे?"

तो उठला आणि खिडकी बंद करून आला. बाहेर कोणी नव्हतं.

निघताना म्हणाला, "तुझा जबाब झालेला आहे. तो तसाच राहू दे. त्या माणसावर काही सिद्ध होणार नाही. कोणाचंच काही बिघडणार नाही."

मिस्टरांना शुक्रवारपासून तीनदा चौकशीला बोलावलं आहे, आणि त्यांना दवाखान्यात बायकोजवळ एकट्याने बसू देत नाहीत, हे मला काल संध्याकाळी नर्सकडून कळलं. मी फळं घेऊन गेले होते. मिस्टर बाहेर जिन्यावर बसले होते. मला बघून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, तुमचा डोळा कसा आहे?" फळांची पिशवी जिन्यावर ठेवली आणि आले.

शुक्रवारच्या जबाबात मी त्यांच्यावर घेतलेला संशय मी मागे घेते. बुधवारी दुपारी दोन ते सव्वासहा ते माझ्याबरोबर होते. अकरा नंबरचा सांधा, दोरीचं टोक आणि तापवायचं पातं मी कागदात गुंडाळून आणलं आहे, ते पंचांसमक्ष ताब्यात घ्यावं. पात्याला अजून दोरीचा काळा थर आहे. मी ते पुसलेलं नाही. प्राध्यापकांचा पत्ता कॅम्पच्या जुन्या वहीत मिळेल. त्यांनाही विचारावं.

मी हे कोणाच्या सांगण्यावरून किंवा रागाने सांगत नाही. मला इथे भावानेच गाडीवरून आणून सोडलं. शीड सापडल्याची नोंद करायला मी आले आहे असं त्याला वाटतं. तो बाहेर थांबला आहे. घरी जाताना भाजी घ्यायची आहे का, असं त्याने मला आत येताना विचारलं होतं.

लिहिलेलं सगळं मला सावकाश वाचून दाखवलं, माझा डोळा बरा नाही म्हणून दोनदा. मी सांगितलं तसंच ते आहे. फक्त 'संशयिताशी नातं' ही जागा लिहून घेणाऱ्यांनी माझ्याकडे बघून कोरी सोडली होती. ती तशी ठेवू नका, असं मी म्हटलं, आणि तिथे 'सख्खा धाकटा भाऊ' असं लिहून घेऊन खाली सही केली.