सुनेचा हात त्यांनीच सोडवला

वय २२ वर्षे, धंदा चष्म्याच्या दुकानात मदतनीस, राहणार परदेशी, सध्या मुक्काम चर्चमागील पाहुण्यांची खोली. मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, येथील शाळेच्या शिक्षिका दुभाषी असताना, जबाब लिहून देते की,

मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आले आहे. चर्चच्या पायऱ्यांवरून पडून मयत झालेल्या वृद्ध गृहस्थांना त्यांच्या सुनेने एकटे सोडले, असे आमच्या गटप्रमुखांनी इथे लिहून दिले आहे. तसे घडलेले नाही. त्या कागदामुळे मयतांचा मुलगा चार दिवस बायकोशी एक शब्द बोललेला नाही, असे मला शिक्षिकांकडून कळले.

आम्ही आठ जण आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे सेवेच्या दौऱ्यावर आलो. लोकांनी वापरून दिलेले चष्मे मी आमच्या दुकानातल्या यंत्रावर मोजून, नंबराची चिठ्ठी लावून तीन खोक्यांत भरून आणले होते. काम मला येते आणि त्याचा मला थोडा तोराही होता. चष्म्याचा उपयोग नसेल तर गिऱ्हाइकाला सरळ तसे सांगायचे, हे मालकांनी मला पहिल्याच दिवशी शिकवले आहे. इथल्या चर्चच्या सभागृहात भरवलेल्या मोफत चष्म्यांच्या शिबिरात मात्र गटप्रमुखांचा नियम होता की आलेला माणूस रिकाम्या हाताने जायचा नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास मयत सुनेचा हात धरून माझ्या टेबलापाशी आले. ते पूर्वी घड्याळे दुरुस्त करत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पूर्ण पिकलेला होता. उजेड कोणत्या बाजूने येतो एवढेच त्यांना कळत होते. त्यांना ऑपरेशन हवे होते आणि ते आमच्या खोक्यात नव्हते. मी गटप्रमुखांना बाजूला घेऊन तसे सांगितले. ते म्हणाले, काहीतरी दे, इतका वेळ रांगेत उभे राहिलेत. मी वाचायचा एक चष्मा काढून दिला. तो का निवडला म्हणाल, तर तो नवा दिसत होता.

आमच्यात चष्मा चढवला की खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि सगळ्यांसमोर विचारतात, काय दिसते. त्या उत्तराला आम्ही साक्ष म्हणतो. मयतांनी चष्म्याची काडी बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "सुनेचं तोंड इतकं स्पष्ट दिसायला लागलं तर आता माझं काही खरं नाही." तिथेही दुभाषी असलेल्या शिक्षिकांनी ते आम्हाला आमच्या भाषेत सांगितले तेव्हा सभागृहात हशा झाला, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझा जीव भांड्यात पडला होता. वहीत त्यांच्या नावापुढे मी 'सुधारणा' असे लिहिले. ते खोटे आहे आणि अक्षर माझे आहे.

वाचायचा चष्मा घालून चालू नका, पायऱ्यांवर तर नकोच, हे मी प्रत्येकाला बजावते. त्यांना बजावले नाही. त्यांना तो घालून काय, काढून काय, सारखेच होते.

चार वाजून दहा मिनिटांनी ते निघाले. मी आणि गटातल्या दोन मुली दारापर्यंत पोचवायला गेलो. सुनेने नेहमीसारखा त्यांचा हात धरलेला होता. वरच्या पायरीवर थांबून त्यांनी तो सोडवून घेतला. तिने पुन्हा धरला, त्यांनी पुन्हा सोडवला आणि तिला काहीतरी म्हणाले. ती भाषा मला येत नाही. मग मान वळवून त्यांनी निरोपाचा हात हलवला, तो सूचना लावायच्या रिकाम्या फळ्याकडे. आम्ही दुसऱ्या बाजूला उभ्या होतो. त्याच वेळी मला धावत जाता आले असते. मी हसून हात हलवला. त्यांनी पाऊल टाकले आणि ते पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात वारले.

आज येताना गटप्रमुखांनी मला अडवले. ते वाईट माणूस नाहीत, चार रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. ते म्हणाले, "तू गेलीस तर इथे पुन्हा शिबिर होणार नाही. मग ज्यांना खरंच चष्मा लागतो त्यांनी काय करायचं?" तरी मी आले. मला फार लाज वाटते. हे लिहून घेतले नाही तरी चालेल.

वरील जबाब शिक्षिकांनी मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. माझ्या विनंतीवरून मयतांच्या सुनेला आत बोलावून तिलाही वाचून दाखवला. मयत पायरीवर काय म्हणाले, ते तिने तेव्हा प्रथमच सांगितले. गेलेल्या माणसावर दोष ढकलते असे वाटू नये म्हणून तिने ते नवऱ्यालाही सांगितले नव्हते. तो तिचा जबाब, वेगळ्या कागदावर घेऊ, असे अंमलदार म्हणाले. तरी तो माझ्याही कागदावर असावा म्हणून मी सांगून लिहवून घेत आहे. मयत तिला म्हणाले होते, "सोड गं हात. त्या पोरी बघतायत. एवढ्या लांबून आल्यात, त्यांना वाईट वाटेल."

मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे, म्हणून सही करते.