लायलची दातकोरणी थांबली

नाव ऑरिस थॅकर, वय शहात्तर. धंदा पूर्वी पवनचक्क्या आणि पंप दुरुस्ती, आता काही नाही. राहणार रिंगोल्ड फ्लॅट गाव, नेवाडा, पाण्याच्या टाकीमागचे घर.

स्वतः होऊन ठाण्यात आलो आहे आणि सांगतो ते असे. जबाब लिहून घेणारे डेप्युटी ड्वेन यांना मी ते रांगत होते तेव्हापासून ओळखतो. म्हणून बसल्याबरोबर त्यांच्या आईचा गुडघा कसा आहे ते विचारले. मग वडिलांचा खोकला, बायकोचे दिवस भरत आलेत ते, आणि म्हातारी कुत्री जेवते का, हेही विचारले. सगळी ठीक आहेत असे समजले. हे जबाबात नको, असे डेप्युटी म्हणाले. मी म्हणालो, असू दे, आज या कागदावर कोणाची तरी खुशाली असावी.

मेव्हिस कोल्टर हिच्या खानावळीच्या मागच्या खोलीत आम्ही शनिवारी दुपारी पोकर खेळतो. मी, लायल बोकम, क्लीट हॅस्क्यू, आणि पत्ते वाटायला मेव्हिस स्वतः. लायलची बायको नेल्डा दर वेळी जर्दाळूचा केक करून आणते आणि माझ्या खुर्चीमागे बसून डाव बघते. तिला खेळ मी शिकवला. मला मूलबाळ नाही. याहून जास्त लिहू नये.

समोरच्याचे पत्ते कसे आहेत ते नकळत दाखवणारी त्याची खूण ज्याने त्याने आपल्या पोटात ठेवायची, दुसऱ्याला सांगायची नाही, अशी आमच्यात रीत आहे. लायलची खूण मी अकरा वर्षे ठेवली, आज सांगतो. त्याच्या तोंडात सदा दातकोरणी असते. पत्ते खरोखर चांगले असले की ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत राहते आणि बोटे थरथरतात. नवख्याला वाटते, घाबरला. ती आनंदाची थरथर असते. हातात काही नसताना थाप मारत असला की दातकोरणी थांबते. मग तो डोळ्याला डोळा भिडवतो, आणि एरवी हवापाणी विचारले तरी छताकडे बघून विचार करणारा हा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो.

काल शनिवारी केक नव्हता. एका डावात मी आणि लायल दोघेच उरलो. टेबलावर दोघांच्या सामाईक पानांत दोन राजे, एक सत्ती आणि दोन किरकोळ पाने उघडी होती. माझ्या हातात एक्क्यांची जोडी. लायलने पुढ्यातल्या पैजेच्या सगळ्या चकत्या मध्ये लोटल्या. दातकोरणी फिरत होती. बोटेही थरथरत होती. पत्ते टाकून द्यावेत असे मनात आले. तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी त्याला बोलते केले. माणूस बोलू लागला की त्याचे पत्ते कळतात.

"काय रे, आज आम्हाला उपाशी मारतोस काय? नेल्डा कुठे—"

"एल्कोला. बहिणीकडे. गुरुवारीच गेली."

दातकोरणी थांबली. डोळे सरळ माझ्या डोळ्यांत. मला वाटले, सापडला. मी तितक्याच चकत्या लावल्या आणि त्याने पाने उलटून दाखवली. राजा आणि सत्ती. तीन राजे, दोन सत्त्या, माझ्या एक्क्यांवर भारी.

क्लीट म्हणाला, "काका, चष्मा डोळ्यांना लावतात, खिशाला नाही!"

मेव्हिस म्हणाली, "छळू नकोस रे त्यांना. सवयीची जोडीदारीण नाही मागे, म्हणून हरले."

मीही हसलो. लायल चकत्या ओढत होता आणि दातकोरणी पुन्हा फिरू लागली होती. पत्ते तर खरे होते. मग ती थांबली कशासाठी?

पुढचे पत्ते वाटायच्या आधी, कोणाच्याच हातात काही नसताना, मी विचारले, "लायल, ट्रक कसा चालतोय?" त्याने छताकडे पाहिले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "क्लच घसरतो, काका." मग विचारले, "आणि नेल्डा परत कधी—" "बुधवारी." दातकोरणी थांबली.

त्यानंतर क्लीट म्हणाला, उद्या लोकर कापायच्या जुन्या शेडवर जाऊन फळ्या काढून आणतो, कोंबड्यांच्या खुराड्याला होतील. हवे ते पान उघडले की माणूस एकदा आपल्या चकत्यांकडे बघतो आणि लगेच भलतीकडे. लायलने तसेच एकदा आपल्या बुटांकडे पाहिले आणि मग खिडकीबाहेर. बुटांवर करडा चिखल वाळलेला होता. आपल्याकडे मे महिन्यापासून पाऊस नाही. चिखल असलाच तर त्या शेडमागच्या झऱ्यापाशी.

"फळ्या कुजल्यात सगळ्या. जाऊ नकोस," लायल म्हणाला. क्लीटचे बोलणे अजून संपले नव्हते.

मी डोळ्यांनी काही घडताना पाहिलेले नाही. दातकोरणी हा पुरावा नव्हे, हे मला कळते. बायको सोडून गेली हे चारचौघांत सांगायची लाज वाटली, म्हणूनही माणूस असे बोलेल. तसे निघाले तर मी मेव्हिसच्या खोलीत सगळ्यांसमोर लायलची माफी मागेन, आणि पुन्हा पत्त्याला हात लावणार नाही. अकरा वर्षांत त्या दातकोरणीने मला एकदाही फसवलेले नाही. या एका वेळी फसवावे.

मध्ये डेप्युटी एल्कोला नेल्डाच्या बहिणीकडे फोन करायला बाहेरच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा त्यांनी खुर्ची आवाज न करता ओढली. मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. बहीण काय म्हणाली ते मी विचारले नाही, आणि विचारले नाही असे लिहायला सांगितले.

हा सगळा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला, मी बोललो तसाच उतरला आहे, खाली सही माझी आहे.

सहीनंतर एवढे जोडून घ्यावे. शेडवर जे काय कळेल ते मला चिठ्ठीने कळवा. घरी येऊ नका, फोनही नको. तुम्ही फाटकाशी गाडीतून उतरलात की टोपी काढायच्या आधीच मला कळून जाईल, आणि मला ते तसे कळायला नको आहे. दोन ओळी पुरेत. लवकर लिहा.