इंदिराबाईंचा थेंब

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टर मोहिनीताई, आमचं वार्षिक शिबिर भरवणारे, शिंदखेड्याहून मुद्दाम आलेले सरदारभाई, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, माझे सहकारी आणि समोर बसलेल्या धुळेकर बंधुभगिनींनो,

आधीच्या वक्त्यांनी इतकं कौतुक केलं, की हा हेमराज कोण, असा मलाच प्रश्न पडला. एकतीस वर्षं मी लोकांची बोटं टोचली, एवढंच. निरोपाच्या दिवशी खरं बोलावं, म्हणून एका बाईंची हकिगत सांगतो. मोहिनीताई, वेळ थोडाच घेईन.

चौदा वर्षांपूर्वी शिंदखेड्याच्या शिबिरात इंदिराबाई आल्या. वय सत्तेचाळीस. त्यांची लेक रूपा बाळंतपणात जाता जाता वाचली होती, ती आमच्याकडच्या दोन पिशव्यांनी. रक्त कोणाचं, हे आम्ही सांगत नाही. तेव्हा बाईंनी ठरवलं, आपणही कोणाच्या तरी लेकीसाठी द्यायचं.

आमची परीक्षा सोपी असते. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात रक्ताचा थेंब सोडायचा. बुडाला तर रक्त घ्यायचं. तरंगला तर हिमोग्लोबिन कमी, माणूस परत. बाईंचा तरंगला.

मग मी सुरू झालो. पुरुषाला दिवसाला एकोणीस मिलिग्रॅम लोह लागतं, पाळी चालू असलेल्या बाईला एकोणतीस. बाजरीची भाकरी खा, मेथी, हरभरे खा, वर लिंबू पिळा, जेवणावर चहा नको. काय रुबाब होता माझा!

पुढच्या वर्षी त्या हजर. "भाऊ, आते बुडना का?"

तरंगला.

"तू सांगस ते बठ्ठं खास मी. च्या बी सोडी दिधा."

सगळं खाऊन, चहा सोडूनही तिसऱ्या वर्षी तेच. मी पुन्हा एकोणतीसचा पाढा वाचला. पोटात किती जावं हे सांगणाऱ्या मला, अंगातून किती जातंय हे विचारावंसं का वाटलं नाही? महिन्यातले दहा-दहा दिवस त्यांना जात होतं. भर मंडपात परक्या पुरुषाला त्या कशा सांगणार? डॉक्टर तर शेजारच्याच टेबलावर होते. तिकडेही मी पाठवलं नाही.

चौथ्या वर्षी त्या धुळ्यालाच आल्या, स्ट्रेचरवर. गर्भाशय काढावं लागलं. तीन पिशव्या मीच जुळवून दिल्या. शुद्धीवर आल्यावर म्हणाल्या, "द्यावानं ऱ्हायनं बाजूले, आखो लिधं मी." देणं राहिलं आणि वर घेतलंच, हे त्यांना लागलं होतं.

पुढे नवऱ्याला अर्धांगवायू झाला, त्यांचं करण्यात वर्षं गेली. यंदा जानेवारीत पुन्हा शिबिरात आल्या. मी आनंदाच्या भरात फॉर्म न बघताच बोट टोचलं. थेंब सरळ तळाला! सरदारभाई, टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या. बाई जाऊन खाटेवर आडव्या झाल्या, हात पसरला. तेव्हा मी फॉर्मवरचं जन्मसाल वाचलं. एकसष्ट पूर्ण. पहिल्यांदा रक्त देणाऱ्याला साठची मर्यादा आहे.

"थेंब बुडना ना, भाऊ?"

"बुडाला, अक्का. पण आता वय..."

"मंग लई ले ना."

घेऊ का, म्हणून मी मोहिनीताईंकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. नियम बाईंच्याच जिवासाठी आहे, हे मलाही कळतं. दहा मिनिटं त्या तशाच पडून राहिल्या, हात पसरून. रांग थांबली. मग उठल्या, पदर सावरला, आणि पुढच्या माणसासाठी खाटेवरची चादर सारखी केली. मी बिस्किटाचा पुडा पुढे केला.

"ज्यानी दिधं त्याले दे," म्हणाल्या आणि स्टँडकडे चालू लागल्या.

उद्यापासून माझ्या टेबलावर आमची नवी सहकारी मिसबाह बसेल. बेटा, बायकांना तू विचारत जा. तुला त्या सांगतील.

आपण सर्वांनी शाल दिलीत, वेळ काढून आलात, मनापासून आभार. कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, बोलणं लांबलं असेल, कधी कोणाला सुई जोरात टोचली असेल, तर पोटात घाला. इंदिराबाईंनाही आमंत्रण होतं. त्या आल्या नाहीत. त्यांची माफी मागायची राहिली, ती इथूनच मागतो.