जावयाची पक्की नोकरी

फिलिपिन्सच्या कोटाबातोत पास्तिलच्या गाडीपुढच्या रांगेत सरीपाच्या पुढे मुलाची आई उभी होती, आणि तिच्याही पुढे मुलीचा काका, ज्याला ती मानानं बापा म्हणत होती. केळीच्या पानातला भात हातात पडायच्या आधीच सोयरीक शिजायला लागली होती. सरीपाला कान काही मिटता येईनात.

"पोरगा करतो तरी काय, बाई?"

"माणसं का भांडतात ते शोधतो, बापा. गावोगाव जाऊन विचारतो."

"सांगतात लोक?"

"न सांगायला काय झालं? दरवर्षी तेच सांगतात. हा अहवाल लिहितो."

"मग भांडण मिटतं?"

"अहो, शुभ बोला, बापा! मागं आमच्या खोऱ्यातली दोन घराणी गळ्यात गळे घालून बसली, तर आमचा तौफिक चार महिने घरी माशा मारत होता."

"अरेरे! मग?"

"अल्लाची मेहेर! तुमच्या बाजूला, नदीपलीकडं, निवडणुकीवरून दोन घराण्यांत गोळ्या चालल्या. लगेच तीन वर्षांचं काम मिळालं."

"कुठली घराणी?"

"नावं त्यालाच ठाऊक."

"मलाही ठाऊक आहेत. त्यातलं एक आमचं."

रांग पुढे सरकली. आई जागची हलली नाही.

"घाबरता कशाला, बाई? पोरगी दिली म्हणून समजा. आमचं काही इतक्यात मिटत नाही."